चुकायला जागा

फॉर्म्युला वनच्या नव्या गाड्या हिवाळ्याच्या शेवटी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरतात, तेव्हा बहुतेकांचं लक्ष घड्याळाकडे असतं. कोणाची फेरी किती सेकंदांत झाली, कोण कोणाच्या पुढे. या चाचण्यांत सर्वांत कमी सांगणारा आकडा खरं तर तोच. टाकीत किती इंधन आहे, इंजिन किती ताकदीवर चालवलं जातंय, हे कुठलाच संघ उघड करत नाही. २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत फेरारी सगळ्यांना भारी पडणार असं वाटत होतं. पुढे हंगामाच्या पहिल्या पाचही शर्यतींत पहिले दोन्ही क्रमांक मर्सिडीजने घेतले. म्हणून मी फेरीची वेळ पाहत नाही, फेऱ्यांची संख्या पाहतो. गाडी किती धावली आणि किती वेळ गॅरेजात पडद्याआड उघडून ठेवलेली होती, यात त्या हिवाळ्याची खरी हकिकत असते.

२०१४ मध्ये इंजिनाचे नियम मुळापासून बदलले. २.४ लिटरचं व्ही-८ गेलं, १.६ लिटरचं टर्बो व्ही-६ आलं आणि त्याच्या जोडीला दोन विजेच्या मोटरी. एक मोटर ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेची वीज करते. दुसरी टर्बोच्या शाफ्टवरच बसलेली. ती एग्झॉस्टच्या तापलेल्या वायूंमधून वीज काढायची आणि नियमाने तिला मिनिटाला सव्वा लाख फेरे फिरायची मुभा होती. इंधनाच्या प्रवाहाला तासाला १०० किलोची मर्यादा आली, आणि त्या वर्षी पूर्ण शर्यतीलाही १०० किलोच. जास्त जाळून जास्त ताकद मिळवण्याची वाट अशी बंद झाली. जाळलेल्यातलं वाया किती कमी घालवता येतं, एवढाच प्रश्न उरला. मर्सिडीजने ब्रिक्सवर्थच्या आपल्या कारखान्यात २०१७ साली टेस्ट बेडवर पन्नास टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठली, म्हणजे इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी आणली. गेल्या काही दशकांतल्या इंजिन-विद्येतली ही मोठी कामगिरी आहे आणि शर्यतीच्या वर्तुळाबाहेर तिचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

पण या वाटेची सुरुवात कशी झाली? जानेवारी २०१४ मध्ये स्पेनमधल्या हेरेझला चार दिवसांची पहिली चाचणी झाली. मर्सिडीजने ३०९ फेऱ्या मारल्या. लागोपाठ चार वर्षं विजेतेपद घेतलेल्या रेड बुलने मारल्या २१. त्यांच्या रेनॉ इंजिनाच्या वीज-साठवणीत बिघाड होत होते आणि गाडीचा मागचा भाग इतका आवळून बांधला होता की उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. तरीही त्याच रेड बुलने त्या हंगामात तीन शर्यती जिंकल्या आणि संघांच्या तक्त्यात दुसरा क्रमांक मिळवला. हेरेझमध्ये जे उघडं पडलं ते सावरायला, शर्यती सुरू होण्यापूर्वी, त्यांच्या हाती बहारीनमधले आणखी आठ दिवस होते. मला वाटतं, हंगामपूर्व चाचणीचं मोल याच हिशेबात आहे: बिघाड कधी झाला आणि त्यानंतर हातात काय शिल्लक राहिलं.

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात इंजिनांवर काम करणाऱ्यांना डायनो, म्हणजेच टेस्ट बेड, नवा नाही. इंजिन लोखंडी चौकटीवर घट्ट बसवायचं, क्रँकशाफ्ट एका शाफ्टने भार देणाऱ्या यंत्राला जोडायचा आणि दिवसरात्र चालवायचं. ट्रॅकवरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं डायनोला देता येतं. मोनाकोचा आळसावलेला वेग आणि मोंझाची लांबलचक सरळ रेघ बंद खोलीत उभी करता येते. शर्यतीच्या इंजिनाचं बहुतेक आयुष्य याच खोलीत घडतं. पण डायनो फक्त त्याला घातलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. जो प्रश्न सुचलाच नाही, त्याबद्दल तो गप्प बसतो.

होंडाला हे फार महागात कळलं. नवे नियम येऊन एक वर्ष झाल्यावर, २०१५ मध्ये, मॅक्लारेनच्या जोडीने होंडा परतली. अशी जोडी की जिने १९८८ मध्ये सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या होत्या. हेरेझच्या पहिल्या दोन दिवसांत या गाडीने रोज सहा फेऱ्या मारल्या. चार दिवसांची बेरीज ७९, मर्सिडीजची ५१६. त्या वर्षी बेल्जियमच्या शर्यतीत ठरल्यापेक्षा जास्त सुटे भाग वापरल्याबद्दल मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून १०५ क्रमांक मागे जाण्याची शिक्षा झाली. आणि मैदानात गाड्या होत्या वीस. फर्नांडो अलोन्सो आणि जेन्सन बटन, दोन माजी विश्वविजेते, वर्षभर तळाशी झुंजत राहिले.

२०१७ चा प्रसंग मला त्याहून बोलका वाटतो. बार्सिलोनात चाचणीच्या पहिल्याच सकाळी अलोन्सोची गाडी जेमतेम एक फेरी मारून बंद पडली. दोष तेलाच्या टाकीत होता. या इंजिनांत तेल खाली चेंबरमध्ये साठत नाही. पंप ते ओढून वेगळ्या टाकीत नेतात आणि तिथून पुन्हा बेअरिंगकडे ढकलतात. आता घाटातल्या वळणावर अर्धा भरलेला पाण्याचा टँकर कसा वागतो ते आठवा. फॉर्म्युला वनच्या गाडीत तीच उसळी गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट जोराने येते: ब्रेक लावला की पुढे, वळलं की बाजूला, आणि हे सेकंदाच्या आत उलटसुलट. टाकीच्या आतले आडवे पडदे जरा चुकीच्या जागी असतील, तर तेल एका भिंतीला चिकटतं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. त्या हिवाळ्यात टायर आणि पंख रुंद झाले होते, त्यामुळे वळणातला जोर आणखी वाढला होता. होंडाकडे टाकी तपासायची सोय होती. गाडीतला हा जोर त्या सोयीत उभा राहत नव्हता.

त्यापाठोपाठ कंपनं. डायनोच्या जाडजूड शाफ्टला जोडलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, मऊ टायर यांना जोडलेलं इंजिन या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. टायर स्प्रिंगसारखा दबतो, परत उसळतो, आणि त्याची लय इंजिनाच्या लयीशी जुळली की सगळी साखळी थरथरते. टेस्ट बेडवर टायर नव्हते, म्हणून थरथर नव्हती. त्या वर्षीच्या आठ चाचणी-दिवसांत मर्सिडीजच्या १०९६ फेऱ्या झाल्या, मॅक्लारेनच्या ४२५.

होंडाच्या अभियंत्यांना हसणं त्या काळात सोपं होतं आणि पुष्कळ जण हसले. मला मात्र त्यांच्यापेक्षा नियमांचा दोष मोठा दिसतो. दोन हजारच्या दशकात फेरारीकडे फियोरानो आणि मुजेल्लो असे स्वतःचे दोन ट्रॅक होते, वेगळा चाचणी संघ होता, लुका बादोएरसारखा चालक वर्षानुवर्षं जवळपास चाचण्याच चालवत होता. हा खर्च आवरायलाच हवा होता. २००८ च्या आर्थिक संकटात त्या डिसेंबरमध्ये होंडाच शर्यतीतून बाहेर पडली होती. २००९ पासून हंगाम चालू असताना चाचण्या बंद झाल्या, मग हिवाळ्यातले दिवसही घटत गेले. २०१४ मध्ये बारा होते. २०२३ ते २०२५ या वर्षांत बहारीनमध्ये तीन, तेही संघाला एकच गाडी, म्हणजे चालकाच्या वाट्याला दीड दिवस.

इथवर ठीक. पण त्याच वेळी इंजिनाचा विकासही टोकनांनी बांधून टाकला गेला. कोणता भाग बदलायचा त्याला किती टोकन, याचा तक्ताच होता, आणि २०१५ च्या हंगामात होंडाच्या वाट्याला नऊ टोकन आली. चाचणी नाही, बदलायची मोकळीक नाही, जास्त इंजिनं वापरली तर शिक्षा. हे तिन्ही निर्बंध सगळ्यांना सारखेच होते, म्हणून त्यांना न्याय्य म्हटलं गेलं. ज्याचं इंजिन पहिल्याच वर्षी जमून आलं होतं, त्याचं या बंधनांनी संरक्षण केलं. जो उशिरा आला, त्याची चूक त्याच्या गळ्यात बांधून ठेवली. टोकनं अखेर २०१७ मध्ये रद्द झाली, पण तोपर्यंत दोन वर्षं वाया गेली होती.

मॅक्लारेनने होंडाची साथ सोडली आणि २०१८ मध्ये रेनॉचं इंजिन घेतलं. आपली चॅसी उत्तम आहे, इंजिन तेवढं खराब, असा त्यांचा समज होता. तो त्या वर्षी फिटला. गाडीचेही दोष होतेच. होंडा गेली तोरो रोस्सोकडे, एका लहान इटालियन संघाकडे. तिथे पहिल्यांदा तिला मोकळेपणाने चुकता आलं. रेड बुलच्या या धाकट्या संघाने शिक्षा पत्करून नवनवी इंजिनं गाडीत बसवली आणि शर्यतीचे शुक्रवार चाचणीसारखे वापरले. टर्बोच्या लांब शाफ्टची बेअरिंगं टिकत नव्हती, त्यावर होंडाच्या विमान-इंजिन विभागातल्या लोकांनी उपाय सुचवला. २०१८ च्या दुसऱ्याच शर्यतीत, बहारीनला, पिएर गॅस्ली चौथा आला. ३० जून २०१९ रोजी ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टापेनने रेड बुल-होंडा पहिली आणली, २००६ नंतरचा होंडाचा पहिला विजय. २०२१ मध्ये तो विश्वविजेता झाला. हेरेझमध्ये दिवसाला सहा फेऱ्या मारणाऱ्या कंपनीचंच हे इंजिन. कामगिरी बदलली, कारण बिघाडातून शिकायला जागा मिळाली.

२०२६ च्या नियमांत हे शहाणपण थोडंफार उतरलंय, याचं मला समाधान आहे. टर्बोवरची ती मोटर जाते, विजेचा वाटा जवळपास निम्म्यावर येतो, आणि ऑडीसारखी नवी कंपनी पहिल्यांदाच इंजिन बांधते. नव्या कंपन्यांना डायनोचे तास जास्त आणि खर्चाची मर्यादाही थोडी सैल. हंगामात ज्याचं इंजिन सर्वांत पुढच्या इंजिनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त मागे पडेल त्याला सुधारणेची एक जादा संधी, चार टक्क्यांच्या वर गेलं तर दोन. पहिल्या वर्षी हिवाळी चाचण्याही तीन ठेवल्या आहेत. डायनोचे जादा तास चांगलेच, पण तेलाच्या टाकीने जे दाखवलं ते तासांनी भरून येणारं नाही. नव्या इंजिनाला जादा हवेत ते ट्रॅकवरचे दिवस. ते पहिल्या वर्षापुरते नकोत. ज्या वर्षी एखादा नवा निर्माता येईल, त्या प्रत्येक वर्षी त्याला मिळावेत, आणि त्याचा खर्च जुन्या मातब्बरांनी कुरकुर न करता सोसावा.