बोट दाखवून गेलेला माणूस

लिन चेरी यांचे ‘द ग्रेट कपोक ट्री’ हे चित्रपुस्तक मी मुलांना निदान पाच-सहा वेळा वाचून दाखवले असेल. गोष्ट साधी. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एक माणूस कपोकच्या झाडावर कुऱ्हाड चालवू लागतो. (कपोक म्हणजे पांढरी सावर, उशांत भरतात तो मऊ कापूस तिच्या बोंडांतला.) दमून तो बुंध्याशीच झोपतो. मग बोआ साप, माकडे, जग्वार आणि एक यानोमामी मूल, असे एकेक जण त्याच्या कानाशी येऊन आपले गाऱ्हाणे मांडतात. जाग आल्यावर तो सभोवार पाहतो, कुऱ्हाड टाकतो आणि चालता होतो. मुले खूश होतात. मीही व्हायचो.

पुढे कधीतरी लक्षात आले की सुरुवातीला माणसे दोन आहेत. थोराड माणूस झाडाकडे बोट दाखवतो आणि निघून जातो. कुऱ्हाड चालवणारा तो दुसरा, लहानखुरा. सारे प्राणी समजूत घालतात ती या दुसऱ्याची. पहिल्याच्या कानाशी कुणी जात नाही. जाणार कसे? तो जंगलात झोपतच नाही.

मुलांना जंगल वाचवायला शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. ती जंगलतोडीला मनाच्या कठोरपणाचा दोष मानतात. मन द्रवले की काम झाले. पण कुऱ्हाड बहुधा मजुरीवर चालते, आणि मजूर पाठ फिरवून गेला तरी जंगल तोडून करायच्या चराऊ कुरणाचा हिशेब जागच्या जागी राहतो.

गंमत अशी की याच पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत चिको मेंडेस यांची आठवण आहे. मेंडेस ब्राझीलच्या आक्रे राज्यातले, रबराच्या झाडांचा चीक काढून जगणारे. गुरांच्या कुरणांसाठी जमीनमालक जंगल साफ करू लागले, तेव्हा चीक काढणारी कुटुंबे बायकामुलांसह तोडणाऱ्या टोळीसमोर जाऊन उभी राहत. याला ते ‘एम्पाते’ म्हणत. मजुरांना समजावत, करवती खाली ठेवायला लावत, त्यांच्या राहुट्या मोडत. पुस्तकातली कानगोष्ट अशी खरोखर घडलेली आहे. पण ही माणसे तेवढ्यावर थांबली नाहीत. त्यांनी संघटना बांधली आणि जिथे राहून चीक काढता येईल पण जंगल साफ करता येणार नाही, अशी राखीव क्षेत्रे सरकारकडे मागितली. बोट दाखवणारा कोण, हे मेंडेसना नावागावासह ठाऊक होते. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरीतल्या राहत्या घरी त्यांना गोळी घातली गेली. १९९० मध्ये एका पशुपालक जमीनमालकाला आणि त्याच्या मुलाला शिक्षा झाली. त्याच वर्षी पुस्तक आले, आणि मेंडेस यांच्या नावाचे नऊ लाख हेक्टरांहून मोठे राखीव क्षेत्रही.

पाच वर्षांच्या मुलाला हा खून सांगा, असे मी म्हणत नाही. पण हुकूम देणारा वेगळा आणि राबणारा वेगळा, हे मुलांना घरातच कळलेले असते. आपल्या लोककथांतले राजे आणि सावकार दुसरे काय करतात? जीनी बेकर यांनी ऑस्ट्रेलियातल्या डेनट्रीच्या जंगलावर केलेले ‘व्हेअर द फॉरेस्ट मीट्स द सी’ निदान मन द्रवल्याचे समाधान देत नाही. शेवटच्या चित्रात किनाऱ्यावर उद्याचे हॉटेल भुतासारखे पुसट उमटते आणि पुस्तक तिथेच सोडून देते.

मराठीत असे पुस्तक करायचे तर विषय कोकणातल्या दोडामार्गात तयार आहे. आक्रेत रबराची झाडे जंगलात विखुरलेली. चीक हवा तर जंगल उभे हवे. दोडामार्गात तेच झाड रांगेत उभे आहे, डोंगरउतारावरचे खासगी जंगल तोडून. झाड तेच, चीकही तोच. जमीन कुणी विकली, का विकली, कुणी घेतली, ही चित्रे काढायला अवघड खरी, पण गोष्ट तिथेच आहे.

हल्ली मी ‘कपोक’चे ते पान घाईने उलटत नाही. थोराड माणसावर बोट ठेवून विचारतो, हा कुठे गेला असेल? घरी, जेवायला, दुसऱ्या जंगलात, अशी उत्तरे येतात. एक मुलगी म्हणाली, ‘‘दुसरा माणूस आणायला.’’