फुरसतीची मालकी

आधुनिक करमणुकीविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा अभिरुचीच्या प्रश्नापाशी येऊन थांबते. मॉल, मल्टिप्लेक्स, व्हिडिओ, चित्रकथा, मोबाइलवरील रील ही सारी उथळ आहेत की त्यांतही काही गुण आहेत, त्यांनी वाचनाची सवय बुडवली की नवा प्रेक्षक घडवला, हा वाद प्रत्येक पिढीत नव्याने रंगतो आणि दोन्ही बाजूंना आपापले समाधान देऊन विरतो. या वादात एक मूलभूत बाब बाजूला पडते. फुरसतीला वेळ लागतो आणि जागा लागते. हा वेळ आणि ही जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर करमणुकीचे स्वरूप तिच्या आशयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अवलंबून असते. मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापडगिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीचा, इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण कामगारांनी वर्गणी काढून उभी केलेली करमणूक आणि ग्राहकाला विकत मिळणारी करमणूक या दोन्ही व्यवस्था तेथे एकाच भूमीवर, एकापाठोपाठ एक नांदल्या.

यातील वेळेचा प्रश्न आधी सुटला, तोही आपोआप नव्हे. कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली, तेव्हा कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाही. शेतीच्या जीवनात काम, सण, जत्रा आणि रिकामपण ही ऋतुमानाच्या ओघात एकमेकांत मिसळलेली असतात. गिरणीच्या भोंग्याने मात्र कामाचा वेळ आणि कामगाराचा स्वतःचा वेळ यांच्यात पहिल्यांदा ठळक रेघ ओढली. आधुनिक अर्थाची फुरसत म्हणजे या रेघेपलीकडचा वेळ, आणि तो मिळवण्यासाठी झगडावे लागले. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो देवकार्यासाठी आणि समाजकार्यासाठी मोकळा हवा, अशी तिची मांडणी होती, आणि 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. त्यानंतर 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस 12 तासांवर, 1922 च्या कायद्याने 11 वर, 1934 च्या कायद्याने 10 वर आणला, आणि 1948 च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. आज जो रविवार मॉलमध्ये खर्च होतो, तो अशा रीतीने कामगार चळवळीने मिळवलेला आहे.

जागेची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा पुरुष चाळीतील एका खोलीत, गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात राहत असे. पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूसही बदले, आणि जेवण खानावळवालीकडे असे. घर म्हणावे अशी जागाच नसल्याने करमणूक साहजिकच गॅलरीत, चाळीच्या पटांगणात, तालमीत आणि रस्त्याच्या नाक्यावर आली. भजनी मंडळे, दशावतार, कोकणचा शक्ती-तुरा, लेझीम, तमाशा, मेळे आणि कामगारांची हौशी नाटके यांना जे प्रेक्षक लाभले, त्यांतूनच त्यांचे कलावंतही निघाले. डबलबारीच्या भजनाचा प्रकार या दृष्टीने बोलका आहे. दोन बुवा आपापली मंडळी, पेटी, पखवाज आणि टाळ घेऊन आलटून पालटून बारी सादर करतात. एकाने गाण्यातून टाकलेल्या कोड्याला दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे असते, आणि कोण कमी पडले याचा निवाडा समोर बसलेली मंडळी दाद देऊन किंवा न देऊन करतात. येथे श्रोत्याला चाल ओळखावी लागते, पुराणातला संदर्भ ठाऊक असावा लागतो. सुपारीचे आणि कंदिलाचे पैसे वर्गणीतून भागत. आणि रात्री गाणारा बुवा सकाळी श्रोत्याच्याच खात्यात शेजारच्या मागावर उभा असे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1940 च्या दशकात उभे राहिले ते याच पायावर. रंगमंचावर कोण येणार आणि खाली कोण बसणार याची भिंत या जगात पातळ होती.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. वस्तीतील करमणुकीला वस्तीचेच उंबरठे होते. ज्या गिरण्यांच्या कापडखात्यात, धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून, दलित कामगाराला प्रवेश नाकारला जात होता, त्याच गिरण्यांच्या परिसरातील चाळी आणि मंडळेही जातवार विभागलेली होती. आंबेडकरी जलसे स्वतंत्रपणे उभे राहिले यामागे नव्या विचाराची प्रेरणा होती, तशीच ही कोंडीही होती. स्त्रियांच्या वाट्याला गिरणीची पाळी आणि घरची पाळी अशा दोन पाळ्या येत, आणि फुरसत आली तर ती गौरीच्या फुगडीपुरती किंवा हळदीकुंकवापुरती. शिवाय कामगाराच्या करमणुकीवर वरच्या वर्गांची देखरेखही कायम होती. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने 1911 पासून वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या, 1953 च्या कायद्यानुसार कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या केंद्रांनी व नाट्यस्पर्धांनी अनेक कलावंत घडवले. परंतु या उपक्रमांमागे कामगाराला दारूपासून व तमाशापासून सोडवून ‘निकोप’ करमणुकीकडे वळवण्याची सुधारकी दृष्टीही होती. आज मॉलला उथळ म्हणणारी भाषा त्या काळी तमाशाला अश्लील म्हणणाऱ्या भाषेची वारसदार आहे, हे लक्षात घेतले तर केवळ अभिरुचीच्या कसोटीवर कोणताही निकाल देणे अवघड होते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावाची घडी पुन्हा बसली नाही. बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचे पुढे काय करावयाचे, यासाठी 1991 मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 आला. जमीन विकसित करताना तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडा या शासकीय गृहनिर्माण संस्थेला आणि उरलेला मालकाला, असे त्याचे सूत्र होते. 2001 मधील दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी, ज्यावर बांधकाम नाही अशा रिकाम्या तुकड्यापुरती मर्यादित झाली. गिरणीचा बहुतेक परिसर इमारतींनी व्यापलेला असल्याने नगराच्या वाट्याला येणारा हिस्सा आक्रसला. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ नगराच्या बाजूने लावला, परंतु 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली. बागा आणि क्रीडांगणे होऊ शकली असती अशा जमिनीवर कार्यालये, उंच इमारती, पब आणि मॉल उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात प्रथम बोलिंग अ‍ॅली आणि नंतर टप्प्याटप्प्याने भव्य मॉल आला. जुनी चिमणी तेवढी शोभेसाठी राखली गेली. एखाद्या नियमातील जमीन मोजण्याची पद्धत बदलली की लाखो लोकांच्या संध्याकाळी बदलतात, हे करमणुकीच्या चर्चेत क्वचितच नोंदले जाते.

या नव्या जागेच्या अटी पहिल्याच टप्प्यावर उघड झाल्या होत्या. ज्या ताडदेव भागात पहिली गिरणी निघाली, त्याच भागात 1999 मध्ये क्रॉसरोड्स हा मुंबईतील पहिल्या मॉलपैकी एक उघडला, आणि सुरुवातीच्या काळात ज्याच्याकडे मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला मुक्त प्रवेश, इतरांना पैसे भरून प्रवेश, अशी पद्धत तेथे होती. ती टीकेमुळे मागे पडली आणि आज कोणताही मॉल असे काही विचारत नाही. पण तत्त्व बदललेले नाही. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असल्याने बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करण्याचा हक्क मालकाला आहे, मात्र पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे, असे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे. त्याचा व्यापक अर्थ असा की अशा ठिकाणी माणूस नागरिक म्हणून येत नाही, पाहुणा-ग्राहक म्हणून येतो आणि यजमानाच्या मर्जीने थांबतो.

मॉलची रचनाही हीच भूमिका घडवते. आत घड्याळ सहसा दिसत नाही, खिडक्या नसतात, त्यामुळे बाहेर ऊन उतरले की पाऊस लागला हे कळत नाही. वर जाणारा सरकता जिना जेथे संपतो, तेथून पुढचा जिना गाठण्यासाठी दुकानांच्या रांगेसमोरून फेरी घालावी लागते. बसण्यासाठी बाक मोजके, आणि भरपूर खुर्च्या असतात त्या फूड कोर्टात, जेथे टेबल अडवायचे तर काहीतरी घ्यावे लागते. विशिष्ट वस्तू घेण्यासाठी आलेला माणूस या वातावरणात मूळ हेतू विसरून निरुद्देश खरेदीकडे वळतो, त्या क्षणाला नगररचनेच्या परिभाषेत ‘ग्रुएन संक्रमण’ म्हणतात. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांनी 1956 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पहिला पूर्णतः बंदिस्त मॉल उभारला. मोटारींवर विसंबलेल्या विखुरलेल्या उपनगरांना व्हिएन्नातील चौकासारखे एकत्र येण्याचे ठिकाण मिळावे, त्याभोवती घरे, शाळा आणि दवाखाने असावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाजार तेवढा उभा राहिला, बाकीचे कागदावर राहिले, आणि उतारवयात ग्रुएन यांनी मॉलच्या या वाटचालीचे पितृत्व जाहीरपणे नाकारले.

असे असूनही मॉलमध्ये गर्दी होते ती लोक भुलले म्हणून, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील अभ्यासावर आधारलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या 2011 मधील ग्रंथात दाखवले आहे की सार्वजनिक ठिकाणी स्त्रीला सतत काही ना काही काम असल्याचे दाखवावे लागते. विनाकारण रेंगाळण्याची मुभा पुरुषालाच असते. मॉलमध्ये निदान खरेदीचे निमित्त आयते मिळते, स्वच्छतागृह असते, दिवे असतात आणि टक लावून पाहणाऱ्यांवर थोडा तरी वचक असतो. जातीचे आणि गावकीचे डोळे चुकवू पाहणाऱ्या तरुणतरुणींना तेथील अनोळखीपणही हवेसे वाटते. मॉलचे यश नगराच्या अपयशावर उभे आहे: महापालिकेच्या बागेत जे मिळावयास हवे होते, ते दुकानदाराने दिले आणि त्याची किंमत आपल्या पद्धतीने वसूल केली.

तंत्रज्ञानालाच दोषी धरणारा युक्तिवादही अशाच कारणाने लंगडा पडतो. 1940 च्या दशकात थिओडोर अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी ‘संस्कृती-उद्योग’ ही संकल्पना मांडली. चित्रपट, रेडिओ आणि मासिके कारखान्यातील मालाप्रमाणे साचेबद्ध निघतात आणि ग्राहकाची स्वतंत्र विचारशक्ती मंदावतात, असा तिचा आशय आहे. निर्मितीच्या बाजूने ते पुष्कळसे खरे असले, तरी माल हाती आल्यावर लोक त्याचे काय करतात, हे त्यात पुरेसे येत नाही. 1980 च्या दशकात चाळीतील सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणला जाई आणि रात्रभर दोन-तीन चित्रपट अख्खी चाळ सतरंजीवर बसून पाहत असे. चित्रपट तद्दन धंदेवाईक असत, पण कोणता लावायचा यावर आधी भांडण होई आणि संवादांवर शेरेबाजी चाले. ‘चांदोबा’चे अंक आणि वेताळाच्या चित्रकथा फिरत्या वाचनालयांतून किंवा अदलाबदलीतून कितीतरी हातांखालून जात. यंत्र आणि मजकूर बाजाराचे होते, त्यांचा वापर मात्र वस्तीचा होता. आज तोच चित्रपट मोबाइलवर एकट्याने पाहिला जातो, आणि काय पाहिले, कोठे थांबले, कोठे पुढे सरकवले याची नोंद होऊन ती पुढच्या विक्रीचा कच्चा माल बनते. त्यामुळे लोखंडे यांच्या पिढीने कामापासून सोडवलेला वेळ पुन्हा एका अदृश्य हजेरीपटावर चढू लागला आहे.

सामूहिक करमणुकीची प्रेरणा मात्र मेलेली नाही, याचा पुरावा सकाळच्या लोकलच्या डब्यातील भजनी मंडळे रोज देतात. बसायला जागा नसलेल्या गाडीत, कामाला जाण्याच्या वेळेतूनच त्यांनी आपली फुरसत काढली आहे. प्रश्न लोकांच्या इच्छेचा नसून त्या इच्छेला पाय टेकायला जागा आहे की नाही, हा आहे. ती जागा सदिच्छेने निर्माण होत नाही. ती विकास आराखड्यातील आरक्षणाने, त्या आरक्षणाचे पुढे काय झाले यावर ठेवलेल्या पाळतीने आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पातील तरतुदीने निर्माण होते. रात्री उशिरापर्यंत उघडी आणि उजेडाची बाग, स्त्रियांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह, हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्याचे नाट्यगृह, वस्तीतले चालू वाचनालय, या मागण्या पाणी आणि रस्त्यांच्या मागण्यांइतक्याच नागरी आहेत. मॉलला नावे ठेवल्याने यांपैकी एकही पुरी होणार नाही. रविवार मिळवण्यासाठी कामगारांना संघटित व्हावे लागले. तो घालवायला हक्काची जागा हवी असेल, तर नागरिकांनाही तसेच संघटित व्हावे लागेल.