एका गावाचा आमदार

12 एप्रिल 2021 रोजी कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या यूकॉन प्रदेशात विधानसभेची निवडणूक झाली. 19 जागांपैकी वुंतुत ग्विचिन या मतदारसंघात विद्यमान आरोग्यमंत्री पॉलीन फ्रॉस्ट यांना 78 मते पडली आणि त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या ॲनी ब्लेक यांनाही 78. न्यायाधीशांसमोर फेरमोजणी झाली, आकडा हलला नाही. शेवटी कायद्यात सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी काढली गेली आणि ब्लेक निवडून आल्या. 1996 सालीही इथला निकाल असाच चिठ्ठीवर लागला होता. हा मतदारसंघ म्हणजे जवळपास एकच गाव, ओल्ड क्रो. 2021च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 236 भरली. साऱ्या यूकॉनची 40,232. तेव्हाच्या 19 जागांनुसार एका जागेमागे सरासरी 2,100 माणसे धरली, तर ओल्ड क्रोतल्या माणसाचे मत इतरांच्या मतापेक्षा नऊ पट जड ठरत होते. प्रदेशातली 70 टक्के माणसे ज्या राजधानीत राहतात, त्या व्हाइटहॉर्समधल्या एखाद्या नागरिकाला हा अन्याय वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही ही जागा टिकली पाहिजे, आणि ती मोठ्यांनी लहानांवर केलेली मेहेरबानी म्हणून नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

‘एक व्यक्ती, एक मत, एक मोल’ या सूत्राच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. माणसांचे गट साधारण सारख्या परिस्थितीत राहतात, त्यामुळे मतदारसंघाची रेघ थोडी इकडे-तिकडे सरकली तरी कुणाचे म्हणणे बुडत नाही, हे ते गृहीत. पुण्यातला एक प्रभाग शेजारच्या प्रभागाला जोडला तर रस्ते, पाणी, कचरा हेच प्रश्न दोन्हीकडे असतात. ओल्ड क्रोचे तसे नाही. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, क्रो आणि पॉर्क्युपाइन या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव. यूकॉनमधले रस्ता नसलेले एकमेव. दूध, औषधे, खिळे, वीजनिर्मितीचे डिझेल, सगळे विमानाने येते. वरच्या वर्गांत शिकायचे तर मुलांना घर सोडून 800 किलोमीटरवरच्या व्हाइटहॉर्सला जावे लागते. आता समजा, आकड्यांच्या समानतेसाठी हे गाव दक्षिणेकडच्या डॉसनच्या मतदारसंघाला जोडले. तिथल्या उमेदवाराला महामार्ग, पर्यटक आणि सोन्याच्या खाणी यांवर बोलावे लागते. ओल्ड क्रोच्या धावपट्टीवर एकदाही न उतरता तो सुखाने निवडून येईल. तो माणूस वाईट असेल असे मुळीच नाही. त्याला गावाची गरज पडणार नाही, इतकेच. आणि ज्याची गरज पडत नाही त्याचे ऐकायला वेळ मिळत नाही, हे राजकारणात कुठेही खरे असते. गावाचा मताधिकार कागदावर शाबूत राहील आणि गाव मात्र सभागृहातून नाहीसे होईल.

अशा गावाला स्वतःच्या तोंडाने बोलायची किती आस असते, याची एक खूण जुन्या वर्तमानपत्रांत आहे. 1962 सालापासून एडिथ जोसी नावाच्या, ग्विचिन या इथल्या मूलनिवासी समाजातल्या बाई ‘व्हाइटहॉर्स स्टार’मध्ये ओल्ड क्रोच्या बातम्या लिहू लागल्या आणि पुढे कित्येक दशके लिहीत राहिल्या. कोण विमानाने आले, कुणाला शिकार मिळाली, नदीचा बर्फ फुटला का, अशा त्या बातम्या. इंग्रजी व्याकरणाची फिकीर न करता, बोलावे तसे लिहिलेल्या. शहरातल्या वाचकाला त्यातून पहिल्यांदा कळले, की नकाशावरच्या त्या ठिपक्यात माणसे राहतात आणि त्यांचे वर्ष वेगळ्या घड्याळावर चालते.

त्या घड्याळाचा मोठा काटा म्हणजे कॅरिबू, उत्तरेकडचे रानटी रेनडियर. पॉर्क्युपाइन नावाने ओळखला जाणारा त्यांचा प्रचंड कळप दरवर्षी या भागातून जातो आणि त्यावर ग्विचिनांचे अन्न, कातडी, सण, नातीगोती उभी आहेत. पण माद्या वितात त्या अलास्कात, अमेरिकेच्या हद्दीतल्या किनारपट्टीवर, आणि त्याच जमिनीखाली तेल असल्याने वॉशिंग्टनमध्ये गेली कित्येक दशके तिच्यावरून वाद चालू आहे. म्हणजे गावाच्या जगण्यातला सर्वांत मोठा प्रश्न दुसऱ्या देशाच्या संसदेत अडकलेला. तिथे ओल्ड क्रोचे एकही मत नाही. 1985 ते 1992 या काळात गावाच्या आमदार असलेल्या नॉर्मा कासी हा प्रश्न घेऊन थेट अमेरिकेत गेल्या, लोकप्रतिनिधींना भेटल्या. 2002 साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. डॉसनच्या आमदाराने हे आयुष्याचे काम म्हणून केले असते का? माझ्या मते नाही. आणि कासी आमदार नसत्या तर त्यांचे शब्द एका तळमळीच्या कार्यकर्तीचे ठरले असते. निवडून आलेल्या व्यक्तीसाठी जे दार उघडते ते अर्जदारासाठी उघडत नाही.

यावर कुणी म्हणेल, की सभागृहातली एक जागा म्हणजे शोभेची खुर्ची. मत घ्यायची वेळ आली की शहरच जिंकणार. हा आक्षेप खरा आहे, म्हणून तर केवळ जागेवर थांबणे मला मान्य नाही. कॅनडातल्या ‘स्टेटस’ असलेल्या मूलनिवासींना आपला कायदेशीर दर्जा न गमावता राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क 1960 साली जाऊन मिळाला. उशिरा मिळालेले मत पुरणार नाही, हे यूकॉनच्या मूलनिवासींनी लवकर ओळखले. 1973 साली एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे प्रतिनिधी ओटावाला गेले आणि पंतप्रधान पियर ट्रूडो यांच्या हाती आपल्या जमिनीच्या हक्काचे निवेदन ठेवले. वीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर 1993 साली करार झाले, 1995 साली ते अमलात आले आणि वुंतुत ग्विचिनांना स्वतःचे सरकार, स्वतःची राज्यघटना, कायदे करण्याचा अधिकार मिळाला. त्यांच्या विकास कंपनीकडे आज ‘एअर नॉर्थ’ या विमान कंपनीतला जवळपास निम्मा वाटा आहे. ज्या गावाला विमान हाच रस्ता, त्या गावाने रस्त्यातच भागीदारी घेतली. 2021च्या सुमारास त्यांनी सौरप्रकल्प उभा केला. मध्यरात्रीही न मावळणाऱ्या उन्हाळी सूर्यावर डिझेलची इंजिने काही काळ बंद ठेवता येतात. गावाचे सरकार गावापुरते ठरवते. पण आरोग्य, शाळा, विमानतळ यांचा पैसा व्हाइटहॉर्सच्या सभागृहात वाटला जातो, आणि तिथली एक जागा हा त्या दोन सरकारांमधला पूल आहे.

आता समानतेचा आक्षेप. 1991 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सस्कॅचेवान प्रांतातल्या मतदारसंघांच्या प्रकरणात म्हटले, की मताधिकाराचा हेतू तंतोतंत समान मतदारसंख्या नसून परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे. भूगोल, समूहाचा इतिहास, अल्पसंख्याकांचा आवाज यांसाठी समानतेला मुरड घालता येते. पण किती? शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये राजधानी यलोनाइफवर अन्याय होतो, असे 1999 साली तिथल्या न्यायालयाने ठरवले आणि राजधानीच्या जागा चारवरून सातवर गेल्या. तो निकाल मला योग्य वाटतो. तिथे लहान गावांच्या बाजूने झुकलेला तराजू एकूण बहुमतालाच धक्का देत होता. ओल्ड क्रोची जागा बहुमत हिरावून घेत नाही. भारतालाही हे परके नाही: लक्षद्वीपच्या खासदारामागे साठ हजारांहून कमी मतदार आहेत, ठाण्याच्या खासदारामागे वीस लाखांहून अधिक, आणि बेटांना खासदार का, असे ठाणेकर विचारत नाहीत. 2021च्या चिठ्ठीमुळे दोन मोठे पक्ष आठ-आठवर अडले हे खरे, पण अटीतटीच्या सभागृहात कुठलीही एक जागा असे करू शकते; तो दोष गावाच्या लहानपणाचा नव्हे.

मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप निराळाच आहे. वुंतुत ग्विचिनांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आता ओल्ड क्रोबाहेर राहतात, बरीचशी व्हाइटहॉर्समध्येच. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी. मग गावाचा आवाज म्हणजे नेमका कुणाचा? त्यांच्या राज्यघटनेत नियम आहे, की परिषदेवर निवडून आलेल्याने 14 दिवसांत आपल्या भूमीवर राहायला यावे. घरच्या वैद्यकीय अडचणीमुळे शहर सोडणे शक्य नसलेल्या एका महिला नागरिकाने याला आव्हान दिले. 28 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नियम कायम ठेवला: तिच्या समानतेच्या हक्काला बाधा येते हे मान्य केले, पण समूहाच्या वेगळेपणाचे रक्षण करणारे कॅनडाच्या घटनेतले कलम त्याहून वरचढ मानले. त्या बाईंची बाजू मला पूर्णपणे खोडता येत नाही. गाव सोडावे लागण्याची कारणे त्याच दूरच्या राजधानीत घडलेली आहेत, जिथे दवाखाना आहे. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. वसंतात नदीचा बर्फ फुटतो, शरदात कॅरिबू येतात किंवा येत नाहीत, धुक्यामुळे विमान उतरत नाही आणि दुकानातली फळी रिकामी राहते. ज्या दिवशी हे घडते त्या दिवशी निर्णय घेणारी माणसे त्याच दुकानात उभी असावीत, एवढेच तो नियम मागतो.