पाळतीवरचा पाहुणा

आंजर्ल्यात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे : ती आपण स्वतःच माहीत करून घेऊ नये. एकदा आपल्याला कळली की गावाला कळली. पूर्वी पोस्टकार्ड यायचं तेव्हा पत्त्यावरच्या माणसाच्या हाती ते पडेपर्यंत त्यातल्या मजकुरावर दोन-तीन ओट्यांवर चर्चा होऊन गेलेली असे. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीचा आकडा तर घेणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला अधिक बिनचूक सांगता येई. हर्णैकडून येणाऱ्याला तेव्हा खाडी तरीतून ओलांडावी लागे, म्हणून येणारा माणूस निदान होडीत पाय ठेवीपर्यंत तरी स्वतःचा असे. आता पूल झाला आणि तीही सवलत गेली. दारात गाडी थांबली की ती पुण्याची की ठाण्याची, आत माणसं किती, त्यांतली जेवणार किती आणि त्यांना माशांचं चालतं का, एवढा तपशील इंजिन थंड व्हायच्या आत पाखाडी चढून वर गेलेला असतो.

अशा गावात माझ्या चुलतभावाच्या घरी ‘आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय’ म्हणून हलकल्लोळ उडावा, याची मला प्रथम गंमतच वाटली.

दादाचा संगणक माजघराच्या कोपऱ्यात, वहिनींनी भरतकाम केलेल्या कापडाखाली बसलेला असतो. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, उतरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या, विजेचं बिल आणि रात्री जेवणानंतर नाट्यसंगीत, एवढीच त्याची नोकरी. पण एक दिवस तो वेड्यासारखं करायला लागला. कड्यावरच्या गणपतीच्या आरतीची वेळ शोधावी तर भलतंच पान उघडे आणि त्यावर एक बाई हसत हसत कर्ज देऊ करी. मग दादाच्या ई-मेलच्या खात्यात कोण्या परमुलखातून कुणीतरी शिरल्याची सूचना आली. दापोलीपलीकडे जायचं तर आदल्या दिवशी बॅग भरणारा हा माणूस! चिपळूणला संगणकाचंच शिकणाऱ्या पुतण्यानं तपासणी करून निदान सांगितलं, “बाबा, स्पायवेअर आहे.”

स्पायवेअर म्हणजे हेर. तुम्ही काय उघडता, काय शोधता, कळफलकावर कोणती अक्षरं बडवता, पासवर्डसकट सगळं तो गुपचूप टिपतो आणि त्याच्या धन्याला कळवतो. तो आत आला कसा, याचा शोध घेता असं निघालं की वहिनींच्या भाचीची पत्रिका जुळवण्यासाठी एक फुकट कुंडली करणारा प्रोग्राम उतरवून घेतला होता, त्याच्या शेपटाला धरून हे पाहुणे आले. भविष्य सांगणाऱ्या त्या प्रोग्रामनं पुढचं सगळं सांगितलं, फक्त हे तेवढं सांगितलं नाही.

मी त्या वेळी चार दिवस तिथे होतो, त्यामुळे त्याला काढण्याचा सोहळा सगळा पाहिला. तो काढता काढता निघेना. आमच्याकडे जुन्या चाळीतल्या भाडेकरूची कीर्ती आहे. पण तो बिचारा निदान कोर्टाच्या हुकमाची वाट पाहतो. हा हुकूम निघाल्यावर दोन मिनिटांत परत. पुतण्यानं प्रोग्रामांच्या यादीतून त्याचं नाव उडवलं, संगणक बंद करून चालू केला, तर स्वारी जागेवर. चालू कामांची यादी उघडली तर विंडोजच्या स्वतःच्या एका इमानी नोकराच्या नावातली दोन अक्षरं उलटसुलट करून हे महाशय तिथे बसलेले : खरा नोकर ‘एस-व्ही-सी-होस्ट’, हा ‘एस-सी-व्ही-होस्ट’. दरोडेखोरानं पोस्टमनचा डगला घालावा तसं. शिवाय ते जोडीनं होते. एकाला मारलं की दुसरा त्याला उठवी, दुसऱ्याला मारलं की पहिला. मग ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे संगणकाला फक्त लंगोटीवर उभा करून, दोघांनाही घालवलं, सुरू होताना त्यांना हाक मारणाऱ्या नोंदी रजिस्ट्रीतून आणि वेळापत्रकातून खरडून काढल्या. चहा झाला. चहानंतर ती कर्जवाली बाई पुन्हा हसत हजर. या खेपेला त्यांचा एक धाकटा भाऊ ब्राउझरला चिकटलेला होता. इथून काढला तरी दादाच्या खात्याबरोबर त्याची प्रत दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर जपून ठेवलेली होती, आणि ब्राउझर अत्यंत इमानानं ती परत आणून देत होता.

“आता बाहेरून तपासायला हवं,” पुतण्या म्हणाला. म्हणजे संगणकाची स्वतःची यंत्रणा झोपलेली असताना, पेनड्राइव्हवरून दुसरीच यंत्रणा चालू करून तिच्याकडून झडती घ्यायची. कारण हेर खोलवर शिरला असेल तर तो जागत्या संगणकाला खोटं बोलायला लावतो. हे मला लगेच पटलं. बँकेत इन्स्पेक्शन येतं तेव्हा ज्याची तपासणी करायची त्यालाच ‘जरा लेजरं आणून द्या हो’ म्हणून सांगितलं, तर तो जी आणील ती लेजरं नेहमी स्वच्छच असतात. हे लपणं काही गल्लीतल्या चोरांचीच विद्या आहे असंही नाही. २००५ साली सोनी बीएमजीसारख्या मातब्बर कंपनीनं गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून आपल्या सीडींबरोबर असाच एक अदृश्य कारभारी लोकांच्या संगणकांत घुसवला होता. मार्क रसिनोविच या तज्ज्ञानं ऑक्टोबरच्या अखेरीस तो उघड केला, तेव्हा कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. ज्यांनी रोख पैसे मोजून गाणी घेतली त्यांच्या घरात हेर, आणि ज्यांनी चोरून ऐकली ते सुखरूप! नीतीचे धडे असे उलटे बसतात.

शेवटी निर्णय झाला की फोटो आणि हिशेब तेवढे वेगळे काढून, सगळी डिस्क पुसून घर नव्यानं बांधायचं, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्याच यंत्रावरून बदलायचे. पुसणं चालू असताना आम्ही ओटीवर बसलो, आणि तिथे खरा प्रश्न निघाला.

दादा म्हणत होता, “न विचारता घरात शिरला म्हणजे चोरच की नाही?”

“विचारलं होतं, बाबा,” पुतण्या म्हणाला. “तुम्ही ‘आय ॲग्री’ दाबलंत.”

हा विषय आमच्या काउंटरचा. खातं उघडायचं असो की कर्ज घ्यायचं असो, कागदांवर पेन्सिलीच्या फुल्या असतात आणि गिऱ्हाईक फुलीमागून फुली सह्या करत जातं. मधला मजकूर वाचायला बसलेला माणूस दिसला की मागची रांग त्याच्याकडे गुन्हेगारासारखं पाहते. बी.कॉम.ला आम्हांला १८७२चा करार कायदा होता. त्याचं तेरावं कलम सांगतं की दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थानं होकार दिला तर ती संमती. आता दादानं होकार दिला तो कुंडलीला, प्रोग्रामनं घेतला तो पासवर्डांना. एकाच अर्थाचा इथे संबंध काय? पण सहीचं वजन मोठं असतं. वेल्समध्ये अशाच एका समुद्रकाठच्या गावी मिस लेस्ट्रेंज नावाची बाई कॅफे चालवी. तिनं सिगारेटी देणारं यंत्र विकत घेतलं, ते थोड्याच दिवसांत अडकून बसलं. १९३४ साली कोर्टानं तिला सांगितलं की बारीक अक्षरं वाचली नसतील तरी सही तुमची आहे. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानं बोली बदलली आहे : संमती मोकळी हवी, नेमक्या कामापुरती हवी, समजून दिलेली हवी, आणि ती विचारणारा मजकूर मागितल्यास मराठीतही दाखवायला हवा. नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. मराठीतून आलेली सत्तर कलमं दादा वाचील की काय, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा.

एवढ्यात वहिनी सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, “विचारण्याचं कसलं घेऊन बसलायत? पलीकडच्या माईंनी कधी विचारलंय? आपल्याकडे वाफा कशाचा लावला ते आपल्याआधी त्यांना ठाऊक. मग त्यांना का नाही कुणी पुसून टाकीत?”

ओटीवर शांतता पसरली. प्रश्न बिनतोड होता. माईंना या घराबद्दल जे ठाऊक आहे त्याच्या शतांशही त्या हेराला ठाऊक नव्हतं. माई न विचारता पाहतात, पाहिलेलं चार ठिकाणी पोचवतात, आणि त्यापासून त्यांना करमणुकीचा नफाही होतो. तरी दादा माईंना पाहून चिडत नाही आणि त्या प्रोग्रामाच्या नावानं दातओठ खातो. हा नुसता पक्षपात आहे का?

उत्तर वहिनींनाच ठाऊक होतं, कारण ते त्यांनी अनुभवलं होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दादा टाळेबंदीमुळे पुण्यात अडकलेला. घरी वहिनी आणि माझी थोरली काकू. वारा पुरता चढायच्या आधी माई कुंपण ओलांडून आल्या आणि कुणाला काही न विचारता काकूला उठवून स्वतःच्या चिरेबंदी खोलीत घेऊन गेल्या. काकू पडवीकडच्या खोलीत निजते, त्या खोलीचे वासे कुजलेत, काकूचा डावा गुडघा चालत नाही, तिच्या गोळ्या फळीवरच्या बरणीमागे असतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. दुपारी पडवीवर माड कोसळला. पोफळींची तर अख्खी बाग आडवी. पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. तरी काकूच्या गोळ्या चुकल्या नाहीत. वीस वर्षं कुंपणावरून केलेली हेरगिरी त्या दिवशी कामाला आली.

गावच्या नजरेचं मला फार कौतुक आहे असं मात्र समजू नका. ह्याच नजरेनं कितीतरी जणांना एस.टी.त बसवून मुंबईला पाठवलं आहे. एखाद्या विधवेनं रंगीत लुगडं नेसलं, एखाद्या पोरीनं जातीबाहेरच्या पोराशी दोन शब्द जास्त बोलले, की ही नजर विळ्यासारखी चालते. तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून माणसं दहा बाय दहाच्या खोलीत राहायला जातात, आणि योग्यच करतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, त्याचा माईंनाही थोडा धाक असायला हरकत नाही.

पण फरक आहे तो आहेच. माई दिसतात. त्या पाहतात तेव्हा आपणही त्यांना पाहत असतो, त्यांची सून त्यांच्याशी का बोलत नाही हे आपल्यालाही ठाऊक असतं. आणि जे ठाऊक झालं त्याचं ओझं त्यांच्यावर पडतं : माहीत असूनही त्या दिवशी माई आल्या नसत्या, तर गावानं त्यांना जाब विचारला असता. त्या हेराला दादाचा पासवर्ड ठाऊक होता, झोपायची वेळ ठाऊक होती, आंब्याच्या पेट्यांची बाकीसुद्धा ठाऊक होती. पण माड पडला असता तर तो आला नसता, आणि ‘का आला नाहीस’ म्हणून विचारायला त्याचं दारही सापडलं नसतं.

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो. ज्याला दार नाही असा पाहणारा नुसता पाहून थांबेलच असं नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेनं तपासली. २०२१च्या फेब्रुवारीत बाहेर आलेल्या तिच्या अहवालात म्हटलं होतं की २०१६च्या जूनपासून सुमारे बावीस महिने ‘नेटवायर’ नावाच्या प्रोग्रामातून कुणीतरी त्या यंत्रात वावरत होतं, आणि पुराव्यातली दहा पत्रं त्यानंच तिथे आणून ठेवली. तपासयंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. निवाडा न्यायालयानं करायचा आहे. पण घरात पाहणारा घरात ठेवूही शकतो, हे ऐकल्यापासून मला माईंचं नुसतं पाहणं फार सोज्वळ वाटायला लागलं आहे.

पुतण्याला हे सगळं जुनाट वाटलं. तो म्हणाला, “मग सावनीचं काय?” सावनी ही आंजर्ल्याचीच. २०२२च्या जानेवारीत ती किनाऱ्यावर अंडी घालायला आली तेव्हा कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी तिच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवलं. ऑलिव्ह रिडले जातीचं कासव ते. ती समुद्रात कुठे जाते हे माणसांना दिसायला लागलं. तिला ना ‘आय ॲग्री’, ना मराठीतली नोटीस, आणि काढायला पाठीपर्यंत हातही पोचत नाही.

“तिची अंडी राखतात ना?” वहिनी म्हणाल्या. “कोल्ह्याकुत्र्यांपासून जाळी लावून? मग बघू देत.”

कासविणीचं मत कुणी घेतलेलं नाही, हा पुतण्याचा मुद्दा तरीही शिल्लक राहतो. मीही त्याच्यावर काही बोललो नाही.

तोवर डिस्क कोरी होऊन नवी यंत्रणा चढली होती आणि पडदा एकेक प्रश्न विचारायला लागला होता : तुमचं ठिकाण सांगू का? तुम्ही काय टाइप करता ते सुधारणेसाठी पाठवू का? जाहिरातींसाठी तुमचा क्रमांक वापरू देऊ का? पुतण्याचा हात सवयीनं ‘होय’कडे जात होता. वहिनींनी तो धरला आणि फर्मावलं की प्रत्येक ओळ मराठीत सांगायची, त्याशिवाय पुढे जायचं नाही. पाऊण तास ते पारायण चाललं. वहिनी एकेकाला ‘नको’ म्हणत होत्या आणि खिडकीपलीकडे कुंपणाशी झावळ्या विणत बसलेल्या माईंच्या कानावर सगळं पडत होतं.

“कोण कुठे असतं ते कशाला गो हवंय त्याला?” माईंनी तिथूनच विचारलं.

“निदान विचारतोय तरी, माई,” पुतण्या म्हणाला.

“विचारतो म्हणजे बाहेरचाच दिसतो,” माई म्हणाल्या, आणि मग वहिनींना, “तुझा दीर परवा सकाळच्या गाडीनं निघतोय ना? त्याच्याकडे आमसुलं द्यायचीत धाकटीला. पिशवीत जागा आहे त्याच्या, उजव्या बाजूला.”