मौनाचा अर्थ कोण ठरवतं?

उबुंटू सर्व्हर अपग्रेड करायला घेतला की मध्येच एका ठिकाणी सगळं थांबतं आणि स्क्रीनवर एक प्रश्न येतो. ही सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली दिसते, आमच्याकडे तिची नवी आवृत्ती आहे, काय करू? नवी टाकू, तुमची जुनी ठेवू, की दोन्हींतला फरक दाखवू? काहीच न सांगता नुसतं एंटर दाबलं तर जुनी फाइल राहते. तुम्ही लिहिलेल्याला हात लावण्याआधी तुम्हाला विचारलं जातं, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तुमचाच शब्द खरा धरला जातो. मला हा प्रश्न नेहमी सभ्य वाटत आला आहे.

हा सभ्यपणा फक्त लिहिलेल्या गोष्टींपुरता असतो. सेटिंगच्या फाइलमध्ये बऱ्याच गोष्टी आपण लिहीतच नाही. न लिहिलेल्या जागी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ठरवलेला अर्थ लागू होतो, त्यालाच आपण डीफॉल्ट म्हणतो. अपग्रेडमध्ये हा अर्थ बदलू शकतो. तुमची फाइल अक्षरशः तीच असते, एक स्वल्पविरामही हललेला नसतो, पण तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ कालच्यापेक्षा वेगळा झालेला असतो. हे मात्र कुणी विचारत नाही.

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण माझ्या मते तो नैतिक आहे. एका सर्व्हरची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल.

मागच्या वर्षी आमच्या टीमकडे एका संस्थेचा जुना सर्व्हर आला. त्यावर उबुंटू १२.०४ होती आणि अपाचे २.२ हा वेब सर्व्हर. लोक तिथे अर्ज भरायचे आणि सोबत आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट स्कॅन करून जोडायचे. आम्हाला हे सगळं उबुंटू २२.०४ आणि अपाचे २.४ असलेल्या नव्या मशीनवर न्यायचं होतं. डोमेन अजून जुन्या मशीनकडेच होतं, नव्यावर फक्त चाचणी सुरू होती.

पहिल्या फेरीत साइटच्या जागी अपाचेचं स्वागताचं पान आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘इट वर्क्स!’ आमची साइट कुठेच नव्हती आणि सर्व्हर सांगत होता की सगळं चालू आहे. कारण साधं होतं. नव्या उबुंटूमध्ये साइटच्या सेटिंग फाइलचं नाव ‘डॉट कॉन्फ’ने संपावं लागतं. जुन्या फाइलचं नाव तसं नव्हतं, म्हणून ती वाचलीच गेली नाही.

ते नीट केल्यावर ४०३ आला, म्हणजे प्रवेश नाही. लॉगमध्ये नोंद होती की सर्व्हरच्या सेटिंगनेच ग्राहकाला नकार दिला. याचंही कारण सापडलं. नव्या मुख्य फाइलमध्ये अख्खी डिस्क आधी बंद केलेली असते आणि नेहमीच्या ठराविक जागाच उघडलेल्या असतात. आमची साइट वेगळ्या फोल्डरमध्ये होती. त्या फोल्डरसाठी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ ही ओळ लिहिली, साइट उघडली. लॉगिन होत होतं, अर्ज भरला जात होता. ग्रुपवर मेसेज पडला, त्याखाली अंगठे पडले.

टीममधल्या एका मैत्रिणीने मात्र एक गंमत केली. चाचणीसाठी जोडलेल्या एका स्कॅनचा पत्ता कॉपी केला आणि लॉगिन न करता आपल्या फोनवर उघडला. तो उघडला.

त्या फोल्डरमध्ये ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची छोटी फाइल होती. दहाएक वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यात लिहिलं होतं की इथे बाहेरच्या कुणालाही थेट येऊ देऊ नये. फाइल जागेवर होती, मजकूर बरोबर होता. फक्त ती आता वाचली जात नव्हती. फोल्डरमधल्या अशा चिठ्ठ्या मानायच्या की नाही हे ‘अलाऊ-ओव्हरराइड’ या सेटिंगवर ठरतं. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर अपाचे २.२ मध्ये अर्थ होता ‘ऑल’, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या माना. २.४ मध्ये अर्थ झाला ‘नन’, एकही मानू नका. जुन्या माणसाने मुख्य फाइलमध्ये हे लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा लिहायची गरजच नव्हती. पाटी दारावर तशीच लटकत होती, ती वाचणारा राखणदार तेवढा निघून गेला होता.

डोमेन वळवण्याआधी हे सापडलं, त्यामुळे कुणाचे कागद बाहेर गेले नाहीत. बंदीची ओळ आम्ही मुख्य फाइलमध्ये लिहिली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही, कारण यात चूक कुणाची हे मला सांगता येईना. जुन्या माणसाने नियम नीट लिहिला होता. अपाचेवाल्यांनी डीफॉल्ट बदललं ते सुरक्षिततेसाठी आणि वेगासाठीच. कोणत्याही फोल्डरमधल्या चिठ्ठीने मुख्य सेटिंग बदलावं हे धोक्याचंच आहे. बदल त्यांनी लपवलाही नाही, अपग्रेडच्या माहितीपत्रात त्याची एक ओळ आहे. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि तरी कुणाचं तरी आधार कार्ड रस्त्यावर पडायच्या बेतात.

मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते इथे दोष शोधण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. मौनाचा अर्थ जेव्हा बदलला जातो, तेव्हा त्या मौनावर विसंबलेल्या माणसापर्यंत तो बदल पोचवायचा भार कुणावर असतो?

हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा जुना आहे, आणि त्याचं एक उदाहरण आम्हा हिंजवडीवाल्यांच्या अगदी जवळ आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही आयटीची गावं कागदोपत्री मुळशी तालुक्यात येतात. याच तालुक्याच्या पश्चिमेला, मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीचं धरण उभं राहिलं. पाणी घाटाखाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि मुंबईला पुरवायची, अशी योजना होती. त्यासाठी मावळातली गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. तीन वर्षांनी लढा मोडला आणि धरण झालं.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे तो तेव्हाचा कायदा, १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि गावात नोटीस लावायची होती. म्हणजे कळवण्याची सोय होती, आमच्या माहितीपत्रातल्या एका ओळीसारखी. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला राजपत्र किती कळणार, हे कायद्याला विचारायचं नव्हतं. भरपाई किती, यावर भांडता येत होतं. पण संपादनालाच हरकत घ्यायची आणि ती ऐकली जायची, ही तरतूद कलम ५अ म्हणून आली १९२३ च्या दुरुस्तीत, मुळशीचा सत्याग्रह सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावर. त्यात अनेक ठिकाणी जमिनीचा कागद पुण्याच्या सावकाराकडे आणि नांगर मावळ्याच्या हातात. ज्याचं नाव कागदावर, त्याचा शब्द ऐकला जाई. कसणाऱ्याचं मौन हे मौनसुद्धा नव्हतं, त्याला विचारलेलंच नव्हतं.

२०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागेल, असं त्यात आलं. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण तत्त्व उलटं झालं. पूर्वी गप्प बसलेला माणूस ‘हो’मध्ये मोजला जायचा. आता तो ‘हो’ म्हणेपर्यंत ‘नाही’मध्ये मोजला जातो. उठून बोलण्याचं ओझं जमीन देणाऱ्याच्या डोक्यावरून जमीन घेणाऱ्याच्या डोक्यावर गेलं.

धरणाची आणि एका उघड्या फोल्डरची बरोबरी मी करत नाही. एकात माणसं मुळासकट उठली, दुसऱ्यात फार तर कागद बाहेर पडले असते. पण दोन्हींकडे डीफॉल्टचं काम एकच आहे. कुणी उठून बोलायचं आणि कुणाला बसल्या जागी मिळणार, हे ते ठरवतं.

आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणायची पद्धत आहे. गप्प बसला म्हणजे कबूल. जॉन लॉकने सतराव्या शतकात राज्यसत्तेबद्दल असंच काहीसं मांडलं होतं. एखाद्या देशाच्या रस्त्यावरून नुसता चालणारा माणूसही तिथल्या कायद्याला मूक संमती देतो, असं त्याचं म्हणणं. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये त्याला गमतीदार उत्तर दिलं. एका माणसाला झोपेत जहाजावर आणून टाकलं. जाग आल्यावर तो जहाजावरच थांबला, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं म्हणायचं का? उतरायचं तर समुद्रात उडी मारावी लागेल. आमच्या सर्व्हरवर कागद चढवलेल्या माणसाची अवस्था याहून वाईट होती. आपण एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर नेले जातोय, हेच त्याला माहीत नव्हतं.

मग डीफॉल्टच नकोत का? तसं करता येत नाही. कुणी काहीच बोललं नाही तर काय समजायचं, हे कुणीतरी आधी ठरवावंच लागतं. आणि ते हलकं काम नाही. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी ‘सायन्स’मध्ये अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले होते. जर्मनीत संमती होती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. जर्मनीत दाता व्हायचं तर तसं सांगावं लागे, ऑस्ट्रियात व्हायचं नसेल तर सांगावं लागे. दोन्हीकडे बहुतेक माणसं गप्पच होती. फरक त्यांच्या मौनाला दिलेल्या अर्थाचा होता.

सोपं उत्तर असं वाटतं की शंका असेल तिथे दार बंद ठेवावं. सर्व्हरच्या बाबतीत याला चांगलं कारण आहे. चुकून बंद राहिलेलं दार स्वतःच ओरडतं. ४०३ आला की दहा मिनिटांत फोन येतो. चुकून उघडं राहिलेलं दार ओरडत नाही. ज्याचे कागद बाहेर पडले त्याला पत्ताच नसतो, आणि ज्याला ते मिळाले तो कशाला फोन करेल?

पण हे उत्तर सगळीकडे लागू होत नाही. रेशन दुकानात म्हातारीच्या बोटाचा ठसा मशीनने घेतला नाही तर तिथलं डीफॉल्ट बंद आहे, धान्य नाही. ही चूक ओरडत नाही. म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी जाते, यंत्राच्या हिशेबात फक्त एक व्यवहार झालेला नसतो. इथे बंद दार हेच न ऐकू येणारं नुकसान आहे.

म्हणून ‘उघडं की बंद’ हा मला खरा प्रश्न वाटत नाही. मौनाचा अर्थ चुकीचा लावला, तर ज्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही असा माणूस कोण, हे आधी शोधायला हवं. मौनाचा अर्थ त्याच्या बाजूने लावावा. कागदांच्या फोल्डरमध्ये तो अर्जदार आहे, म्हणून दार बंद. रेशनच्या रांगेत ती म्हातारी आहे, म्हणून दार उघडं. मुळशीत तो सातबाऱ्यावर नाव नसलेला, पण पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा माणूस होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रात्री दोन वाजता साइट बंद असते, सकाळी अर्जाची शेवटची तारीख असते, तेव्हा हा विचार करायला वेळ कुणाला आहे? नसतो, मान्य. बाहेर थांबलेले अर्जदारसुद्धा माणसंच आहेत, आणि त्यांच्यासाठी घाईत दार उघडणं हेही चांगलंच काम आहे. फक्त जे दार उघडायचं ते एकटं उघडावं, सगळी इमारत नाही. आणि तात्पुरता उपाय तात्पुरता आहे हे तारखेसकट तिथेच लिहून ठेवावं. नाहीतर पाच वर्षांनी येणाऱ्याला ती ओळ विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटेल.

अपग्रेड झाल्यावर काय बंद पडलं ते सगळे तपासतात. काय नकार द्यायचं थांबलं ते तपासणारा क्वचित असतो, कारण त्याची तक्रार कुणी करत नाही. आमच्या टीमच्या चाचणीत आता दोन याद्या असतात. पहिलीत उघडायलाच हवीत अशी पानं, दुसरीत उघडताच कामा नयेत अशी. दुसरी यादी लॉगिन न करता, स्वतःच्या साध्या फोनवर, बाहेरचा माणूस असल्यासारखी तपासायची. शिवाय ज्या डीफॉल्टवर कुणाची सुरक्षितता टेकलेली आहे, ते डीफॉल्ट म्हणून सोडायचं नाही, मुख्य फाइलमध्ये ओळ म्हणून लिहायचं. फाइल लांब होते, वाचायला कंटाळवाणी होते. पण पुढच्या अपग्रेडला त्या ओळीबद्दल प्रश्न तरी विचारला जाईल.