दुधाच्या वहीची मागची पानं

दुधाच्या वहीला बारा पानं पुरतात. महिन्याला एक पान, त्यावर तारखांची रांग, जास्तीचं घेतलं त्या दिवशी दीड, गावाला गेलो त्या दिवशी फुली. उरलेली कोरी पानं वर्षाअखेरी वहीबरोबर रद्दीत जायची. 2016च्या जानेवारीत मी ती वही उलटी धरली आणि मागच्या बाजूनं पहिल्या पानावर 1 आकडा घालून एका पुस्तकाचं नाव लिहिलं. वर्षभरात 40 पुस्तकं वाचायची असं ठरवलं होतं. 40च का, याला काही आधार नव्हता. 50 म्हणायला जीभ रेटली नाही आणि 30 म्हटलं असतं तर मुलगा हसला असता.

मग हिशेब केला. पुस्तक सरासरी 250 पानांचं धरलं तर 40 पुस्तकांची 10,000 पानं, म्हणजे रोज 27 आणि वर थोडी. एवढी तर तिंबलेली कणीक मुरेपर्यंत होतील, असं वाटलं. कणीक मुरायला अर्धा तास लागतो हे खरं. पण त्याच अर्ध्या तासात कुकर लावायचा असतो, कोशिंबिरीची काकडी चोचवायची असते आणि नेमका कुरिअरवाला बेल वाजवतो, हे हिशेबात धरायचं राहिलं. हिशेबाची खोड अशी की एकदा लागली की सुटत नाही. सकाळी आठ, रात्री सहा, अशा रोज 14 पोळ्या, वर्षाच्या 5,110. लग्नाला तेव्हा 28 वर्षं झाली होती. पुढचा गुणाकार मी मुद्दाम केला नाही.

सरकारनं मात्र असा एक हिशेब केला आहे. 2019 साली देशभर माणसांच्या वेळेचं सर्वेक्षण झालं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात असं निघालं, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97. हात न लावणारे त्या सरासरीत नाहीतच. 299 म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. ते एक मिनिट पुस्तकाला गेलं असं मी धरून चालते.

वही का लिहावीशी वाटली, हे मला बरंच उशिरा कळलं. घरकाम नीट झालं तर ते दिसत नाही. केर काढला नाही तर दिसतो, काढला तर नुसती फरशी दिसते. रात्री घासून उपडी घातलेली कढई सकाळी नऊला परत ओशट. सिमोन द बोव्हारनं 1949च्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये घरकामाला सिसिफसच्या शिक्षेची उपमा दिली आहे: डोंगरावर दगड ढकलत न्यायचा, तो घरंगळत खाली यायचा, की पुन्हा ढकलायचा. उपमा मोठी आहे, पण मला ती पुरती पटत नाही. सिसिफसचा दगड कोणी तूप लावून खात नव्हतं. शेवटची पोळी कोणाच्या पानात पडते याच्यावरून त्याच्या घरी भांडणं होत नव्हती. तरी एक गोष्ट तिनं अचूक हेरली. आमच्या भाषेत ‘झालं’ या शब्दाची मुदत संध्याकाळपर्यंत असते. “स्वयंपाक झाला?” “झाला.” म्हणजे दुपारच्या चहापुरता झाला. वहीतला 7 मात्र दुसऱ्या दिवशी 6 होत नाही. माझ्या दिवसात एकदा झालेलं काम झालेलंच राहावं, असं तेवढंच एक होतं.

सासूबाई सांगलीच्या. वाचन त्याही करत, पण मोठ्यानं. वर्तमानपत्रसुद्धा पुटपुटत वाचत. ओठ हलले नाहीत तर अक्षर आत जात नसे. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. पुढे लक्षात आलं की मूळ अर्थाला धरून त्याच होत्या. ‘वाचन’ हा शब्दच बोलण्याच्या धातूवरून आला आहे. चौथ्या शतकात ऑगस्टिन मिलानच्या बिशप अँब्रोज यांना भेटायला जाई, तेव्हा ते आवाज न काढता वाचत बसलेले दिसत, आणि याचं त्याला इतकं नवल वाटलं की त्यानं ते आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवलं. कारणांचे तर्कही केले. घसा जपत असतील. किंवा ऐकणाऱ्यानं मध्येच शंका विचारून वेळ खाऊ नये म्हणून असेल. दुसरं कारण वाचून मी मान डोलावली. बिशपांनाही कोणीतरी “अहो, किल्ल्या कुठे ठेवल्यात?” असं विचारत असणार.

मोठ्यानं वाचलेली पोथी घराची असते. ती ओटीवर आलेल्या शेजारणीची असते, आजीच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेल्या नातवाची असते. पुण्य लागायचं तर सगळ्यांना वाटून लागतं. म्हणून पोथी वाचणाऱ्या बाईला कोणी उठवत नाही. मुक्यानं वाचणारी बाई मात्र समोर बसलेली असून कुठेतरी निघून गेलेली असते. हाक मारली तर “हं” म्हणते आणि पान उलटते. घराला राग येतो तो त्या “हं”चा.

हा राग आजचा नाही. रमाबाई रानडे 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपलं नाही. 1910 साली आलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये ते टोमणे, ते अबोले अजून ताजे आहेत. तिकडे बंगालात राससुंदरी देवींची गोष्ट याहून एकाकी. त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. त्यांनी चैतन्यभागवताच्या पोथीतलं एक पान काढून घेतलं, मुलानं अक्षरं गिरवलेलं ताडपत्र मिळवलं, दोन्ही स्वयंपाकघरात लपवली आणि चुलीच्या आडोशाला अक्षराशी अक्षर ताडत राहिल्या. बारा मुलांची आई ही बाई. पुढे त्यांनीच ‘आमार जीबन’ लिहिलं, बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र. पुरुषमाणसं डोकवायची नाहीत म्हणून स्वयंपाकघरासारखी लपवायला जागा नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. माझंही पुस्तक बरीच वर्षं रव्याच्या डब्याच्या मागे असायचं. भीतीनं नव्हे, हाताशी असावं म्हणून. निदान मी तरी तसं समजत होते.

आता आकड्याची दुसरी बाजू. फोनमध्ये हल्ली यासाठी ॲप मिळतं. पुतणीनं मला ते घालून दिलं. जुलैत त्यानं सांगितलं की मी ठरल्यापेक्षा पाच पुस्तकं मागे आहे. कोणाच्या मागे, ते सांगितलं नाही. आषाढात घरात दोन आजारपणं, पावसानं गच्चीची गळती, आणि वर हा उपदेश. मी ॲप काढून टाकलं आणि वहीवर आले. वही मागे-पुढे काही म्हणत नाही. पण आकड्याची लागण झालेली होतीच. डिसेंबरात मी ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभी राहून पुस्तकांचे कणे अंगठ्यानं मोजत होते, बारीक कोणतं ते बघायला. एकांकिका, कवितासंग्रह, एक व्याख्यान. भाजीवाल्याकडे निवडून निवडून लहान वांगी घ्यावीत तशी. त्या वर्षी 40 झाली. शेवटच्या सहांतलं आज मला काही म्हणजे काही आठवत नाही.

मोजायचं काय, हाही घोळच. गौरी देशपांड्यांनी अरेबियन नाइट्स मराठीत आणल्या त्या 16 खंडांत. ते एक पुस्तक की सोळा? मी दोन खंड वाचले आणि प्रामाणिकपणे दोन आकडे टाकले. मुलाच्या मते ही शुद्ध लबाडी. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970चं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंनी लिहिलेलं आणि लाखाच्या वर खपलेलं. एका दुपारी मी ते काहीही न रांधता, कादंबरीसारखं, पहिल्या पानापासून वाचत गेले. वाटी आणि चमचा हीच त्यांची मापं, आणि एकही शब्द वाया नाही. इतकी मोजकी वाक्यं आपल्या कथाकारांना लिहिता आली असती तर, असं मनात आलं. त्याला मी आकडा दिला, आणि तो बरोबरच दिला असं अजूनही वाटतं.

दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’नं मात्र माझी पद्धतच मोडली. 1956चं हे पुस्तक, बारा महिन्यांवरचे बारा लेख. फार तर दोन बैठकांत संपेल. मी ते चैत्राला उघडलं, चैत्राचा लेख वाचला, आणि खिडकीतून खाली कंपाउंडमधल्या पिंपळाकडे पाहिलं. मग वैशाखाचा लेख वैशाखातच वाचावासा वाटला. पुस्तक फाल्गुनात संपलं. एका आकड्याला बारा महिने. आणि संपलं म्हणावं तर लगेच पुढचा चैत्र आला आणि पहिलं पान पुन्हा उघडावंसं वाटलं. वर्ष जसं संपत नाही, नुसतं वळतं, तसंच ते पुस्तक. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की मला जी पुस्तकं खरोखर हवीत ती सगळी कढईसारखीच आहेत. एकदा करून भागत नाही. ‘स्मृतिचित्रे’ मी चार वेळा वाचलं आहे. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ते 1934पासून भागाभागांनी आलेलं पुस्तक. घरात अन्न नाही आणि नवरा कविता करतोय, हे ज्या सुरात त्या सांगतात त्यात हसू कुठे संपतं आणि जळणं कुठे सुरू होतं ते मला अजून सापडलेलं नाही. चौथ्या वाचनाला वहीत आकडा द्यायचा का? मी दिला नाही. जागा रिकामी सोडून पुढे गेले.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे. तिथून आणलेल्या ‘युगान्त’च्या प्रतीत, गांधारीवरच्या लेखात, समासाच्या खाली एक अंगठा उमटलेला आहे. हळदीचा, आणि बरोबर फोडणीचं तेल, त्यामुळे पान तेवढ्या जागी पारदर्शक झालं आहे आणि मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतात. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो. मिटलेल्या पुस्तकात ऊन पोचत नाही, म्हणून हा शाबूत. कोणीतरी इथे मोहरी तडतडेपर्यंत एक परिच्छेद जास्त वाचला. ओळ सोडवली नाही, हातही पुसला नाही. मी त्या डागावर माझा अंगठा ठेवून पाहिला. तिचा जरा लहान होता.

सासूबाई 2008 साली गेल्या. त्यांची हरिविजयाची पोथी माझ्याकडे आली, लाल बासनात बांधलेली. श्रीधरांनी 1702 साली पुरा केलेला हा ग्रंथ 36 अध्यायांचा, आणि श्रावणाचे दिवस फार तर 30. वरचे सहा अध्याय कोणत्या दिवसांना जोडायचे, याची जुळणी त्या आषाढ अमावास्येलाच करून ठेवत. दरवर्षी तीच पोथी, तोच महिना. 40 वेगवेगळी पुस्तकं वाचायचा माझा बेत ऐकून त्या काय म्हणाल्या असत्या? “आणि त्यातलं परत कोणतं वाचणारेस?” एवढंच, बहुतेक.

बासन मी आठ वर्षं सोडलं नव्हतं. वहीतले आकडे सुरू केले त्याच वर्षी, श्रावणाच्या तोंडावर सोडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शकांची रांग होती, एकाखाली एक. 1887, 1888, 1889. म्हणजे 1965 सालापासून, समाप्ती झाली की एक आकडा. शेवटचा 1929. बारीक, उजवीकडे कललेले आकडे, कुठेही खाडाखोड नाही. आमच्या घरात असा हिशेब चालू होता आणि मला तो माहीत नव्हता. मी बोट ठेवून मोजत गेले तर ते 43 भरायला हवे होते, भरले 42. परत मोजले. 1911च्या खाली थेट 1913 होता.

शके 1912 म्हणजे 1990. त्या श्रावणात माझा मुलगा झाला. सव्वा महिना सासूबाई माझ्या खोलीत होत्या: शेक-शेगडी, अळिवाची खीर, दुपट्यांचे ढीग, रात्री बाळ रडलं की मला न उठवता त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या. मला आठवतं, त्या फेऱ्या घालताना त्या कृष्णजन्माच्या ओव्या म्हणत असत. एकामागून एक, न अडखळता, अध्यायच्या अध्याय. सगळी पोथी त्यांना पाठ होती. मी झोपेत ऐकत असे. पण पोथी उघडली नव्हती, म्हणून त्यांनी ते वर्ष धरलं नाही.