पाणी टाकणारे आणि पाणी पिणारे

पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात. टेबलावर टाकळा, कुर्डू, भारंगी, घोळ, आघाडा यांच्या जुड्या आणि प्रत्येकीपुढे एक पाटी. पाटीवर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव आणि मग ठळक अक्षरांत ‘औषधी गुणधर्म’: दमा, मूतखडा, मधुमेह, संधिवात, त्वचाविकार. भाजी शिजवायची कशी, याबद्दल मात्र पाटीवर बहुधा एक ओळही नसते. ते पाटीमागे बसलेल्या बाईला ठाऊक असते, पण तिला विचारायला कोण थांबतो? लोक पाटीचा फोटो काढतात आणि पुढच्या आठवड्यापासून सोसायटीच्या कुंपणाशी उगवलेल्या घोळीचा रस सकाळी अनशापोटी सुरू होतो.

या तणांच्या औषधीपणावर आपल्याकडे जो वाद चालतो, तो फार उथळ आहे. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ म्हणणाऱ्याला धोतऱ्याचे बोंड दाखवावे आणि पुढे जावे. ‘हा सगळा अडाणीपणा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांशीही हुज्जत नको. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन एका रानवनस्पतीतूनच हाती आले, हे ते विसरलेले नसावेत. उत्तर द्यावे असा दावा एकच आहे: आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या हे खाल्ले आणि त्यांना काही झाले नाही, मग आणखी कसली चाचणी हवी?

हा दावा साफ खोटा असता तर बरे झाले असते. पण त्यात तथ्य आहे. ज्या भाज्या कातकरी, ठाकर, वारली, भिल्ल घरांत दर पावसाळ्यात शिजतात, त्यांच्या निर्धोकपणाला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागत नाही. प्रश्न असा की हा पुरावा नेमका कशाचा?

भारंगीची पाने कोवळी असतानाच खुडतात, उकडतात आणि कडू पाणी पिळून टाकतात. टाकळा फुलावर येण्याआधीच खायचा. शेवळ्यात काकडं किंवा चिंच घातल्याशिवाय ते कोणी चुलीवर चढवत नाही, नाहीतर घशाला खाज सुटते. कडूकंदाचे प्रकरण तर पाहण्यासारखे असते: कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. वाडवडिलांनी तण ‘खाल्ले’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यांनी खाल्ले ते तणातले नकोसे काढून उरलेले, तेही वर्षातले थोडे दिवस, भाकरीबरोबर.

औषध म्हणून तण घेणारा याच्या नेमके उलट करतो. तो पाला उकळतो, चोथा फेकतो आणि पाणी पितो. किंवा कच्चाच वाटून रस गाळतो. आजी जे पाणी मोरीत ओतत होती, तेच तो पेल्यात घेतो. पाणी टाकणाऱ्यांचा अनुभव पाणी पिणाऱ्याच्या बाजूने साक्षीला कसा उभा करायचा?

ही शब्दांची कसरत नव्हे. तो कडूकंद चीनच्या पारंपरिक वैद्यकातही आहे. तिथे गलगंडासारख्या थायरॉइडच्या विकारांवर त्याचा काढा देतात, आणि त्या काढ्याने यकृताला सूज येऊन कावीळ झालेल्या रुग्णांची नोंद तिथल्याच वैद्यकीय साहित्यात आहे. कंद एकच. ओढ्यात धुतला तर पोट भरतो, उकळून त्याचे पाणी प्यायले तर यकृतावर उलटतो. घोळीचेही तसेच. तिच्यात ऑक्झलेट भरपूर. उकडून पाणी टाकले तर बरेचसे निघून जाते, कच्च्या रसात ते तसेच उतरते. बहुसंख्य मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, आणि पाट्यांवर घोळीपुढे ‘मूत्रविकारांवर गुणकारी’ असे लिहिलेले मी वाचले आहे.

यावर वाडवडीलवाल्यांचे उत्तर तयार असते: काढाही परंपराच आहे. मान्य. पण परंपरेला काय दिसू शकते आणि काय नाही, हे एकदा पाहिले पाहिजे. पाला खाऊन तासाभरात उलटी झाली, तोंड आले, चक्कर आली तर माणूस दोन्हींची सांगड घालतो आणि ती नातवापर्यंत पोचते. अपाय वीस वर्षांनी झाला तर? डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत माणसे मूत्रपिंड निकामी होऊन मरत, अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग होई. 1950च्या दशकात या रोगाचे वर्णन झाले. गव्हाच्या शेतातल्या एका तणाचे बी दळणात जाते आणि त्यातले ॲरिस्टोलोकिक आम्ल हे करते, ही गोष्ट पक्की व्हायला पुढे अर्धे शतक गेले. आणि हे तण काही अनोळखी नव्हते. युरोपच्या वैद्यकात ते दोन हजार वर्षे बाळंतिणीचे औषध म्हणून वापरात होते. दोन हजार वर्षांत कोणालाही काही दिसले नाही. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली, त्याच आम्लाची. सर्पदंशापासून पोटदुखीपर्यंत तिचे मूळ आजही सुचवले जाते.

बरे, झटपट अपाय तरी नेहमी दिसतो का? कासविंदा हे टाकळ्याचे भावंड, रस्त्याकडेला माजणारे. टाकळ्याच्या पर्णिका टोकाला गोलसर, कासविंद्याच्या निमुळत्या. एवढा फरक रानात वाढलेल्या पोरालाही कळतो, फोटो पाहून निघालेल्या माणसाला नाही. खोकल्यावर कासविंदा सांगणारे पुष्कळ आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले दोन-चार दिवसांत दगावत, आणि गावकरी काय, डॉक्टर काय, सगळे त्याला मेंदूज्वर समजत. 2007च्या सुमारास स्पष्ट झाले की मुलांनी याच तणाच्या शेंगा खाल्ल्या होत्या. 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरीत मुले गेली, तेव्हाही आधी संशय जपानी मेंदूज्वरावर गेला आणि मग तज्ज्ञांच्या पाहणीत कासविंदा पुढे आला. दारातले तण, डोळ्यांदेखत मृत्यू, तरी सांगड लागली नाही.

आयुर्वेदाला यात ओढण्याचे कारण नाही. गुंज, धोतरा, बिब्बा, कण्हेर विषारी आहेत हे त्याच्या ग्रंथांतच आहे; म्हणून तर शोधनाच्या क्रिया आहेत. औषध नियमांच्या ई-1 परिशिष्टातही ही नावे आहेत आणि ज्या औषधांत ती असतील, त्यांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. वैद्य मात्रा सांगतो, पथ्य सांगतो, थांबायचे कधी तेही सांगतो. पाटी यातले काहीच सांगत नाही.

गुळवेलीच्या वादात हेच झाले. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांतून 43. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की लोकांनी गुळवेल समजून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली असावी. समजा, तसेच असेल. मग कुंपणावरची वेल तोडणाऱ्या माणसाला त्यातून काय दिलासा मिळाला? शिवाय मला खटकते ते वेगळेच. तापात काही दिवस घ्यायची वेल धडधाकट माणसे महिनोन्‌महिने पीत होती, आणि तरीही दाखला मात्र परंपरेचाच होता.

दुकानातल्या गोळीची तक्रार करता येते. आयुष औषधांच्या अपायांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आहे. ती तोकडी असेल, पण निदान बाटलीवर कंपनीचे नाव असते. गटाराकाठच्या घोळीला उत्पादक नाही. तणनाशक फवारलेल्या बांधावरच्या आघाड्याला बॅच क्रमांक नाही. तो पिऊन कावीळ झालेला माणूस रुग्णालयात विचारले तर ‘कोणतेही औषध घेत नाही’ असेच सांगतो, कारण त्याच्या लेखी ती भाजी असते.